घाटवाटा आणि सायकल

सायकल ही आपल्या जिल्ह्यात चैनीची वस्तू कधीच नव्हती. दुधाच्या किटल्या, पेंडीचे पोते, शाळेची दप्तरे आणि कॅरिअरवर बसलेली धाकटी भावंडे वाहून नेणारे ते एक कष्टाळू वाहन. त्यामुळे ‘सुटीत सायकलने सहलीला जाते’ असे घरी म्हटले की मंडळी तोंडाकडे बघत राहतात. रोज जी हाणायची तीच सुटीतही? आणि तीही घाटातून? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की वार्षिकांकाच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. घाट ओलांडत जाणारी, चार-पाच मुक्कामांची, वाटाड्यासह केलेली सायकल-सहल म्हणजे नेमके काय, ती कशी चालते आणि आपल्या बालाघाटात ती कशी करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे. गेल्या हिवाळ्यात अशा एका चमूबरोबर मी पाच दिवस हिंडले. आम्ही चौदा जण होतो, त्यांत पाच मुली. भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून जे पाहिले तेही ओघाने येईल.

थोडा इतिहास

सायकलने दूरवर हिंडण्याची हौस सायकलइतकीच जुनी आहे. इंग्लंडात १८७८ सालीच सायकलवरून सहली करणाऱ्यांची संस्था निघाली होती. फ्रान्समधील सुप्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० साली तिने पिरेनीज पर्वतातील तूरमाले ही उंच खिंड प्रथम ओलांडली. आपल्याकडेही हा नाद जुना आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

पण शर्यत वेगळी आणि सहल वेगळी. शर्यतीत मागे राहिलेल्याला कोणी विचारीत नाही. सहलीची सारी आखणी मात्र मागे राहणाऱ्याला धरूनच करावी लागते. हिमाचल प्रदेशात सुमारे ३१०० मीटर उंचीच्या जलोडी खिंडीवर युवक वसतिगृह संघटनेने सायकल मोहिमा नेल्या आहेत. मनाली ते लेह या रस्त्यावर तर पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी आहेत आणि तेथे दर उन्हाळ्यात वाटाडे सायकलस्वारांचे जथे घेऊन जातात. हिमालयातला चढ हजारांत मोजायचा, आपल्या बालाघाटातला शेकड्यांत. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

घाट म्हणजे काय?

बालाघाट हा सुटा डोंगर नाही. ते एका पठाराचे काठ आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले, आणि नद्यांनी ते कोरत नेले तेव्हा जो भाग उंच उरला, त्याची ही कड. बीड, गेवराई, माजलगाव हा गंगथडीकडचा सखल, काळ्या मातीचा मुलूख. पाटोदा, केज, अंबाजोगाई हा घाटावरचा. खालून वर जायचे तर कड चढावीच लागते, आणि जेथे ती चढणे त्यातल्या त्यात सोपे तेथे पूर्वी बैलांची वाट पडली, पुढे सडक झाली. बीडहून मांजरसुंब्याचा घाट, परळीकडून अंबाजोगाईला चढणारा घाट आणि तेलगावहून धारूरला जाणारा घाट, ही याची ठळक उदाहरणे. धारूरचा किल्ला घाटाच्या माथ्याजवळ उभा आहे हा योगायोग नव्हे. ज्याच्या हाती वाट, त्याच्या हाती मुलूख, हे जुन्या सत्ताधीशांना पक्के ठाऊक होते.

घाटमाथा म्हणजे पाण्याचीही सीमा. मांजरसुंब्याच्या अलीकडे पडलेला पाऊस बिंदुसरेतून सिंदफणेत जातो आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळतो. पलीकडे नेकनूर-केज भागात पडलेला पाऊस मांजरेला जाऊन मिळतो. ती मांजरा लातूर, बीदर असा मोठा वळसा घेत तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच भेटते. एकाच ढगातले दोन थेंब काही किलोमीटरांच्या अंतरावर पडतात आणि शेकडो किलोमीटर लांब जाऊन पुन्हा एकत्र येतात. वर्गात नकाशावर हे मी दोनदा काढले होते. बसमधून घाट दहा मिनिटांत मागे पडतो, त्यामुळे जमिनीचा उतार कुठे बदलला ते कळतच नाही. सायकलवर ते मांड्यांना कळते.

एका भाकरीचे गणित

घाट चढायला फार मोठी ताकद लागते, हा समज आधी दूर केला पाहिजे. स्वार, सायकल आणि थोडे सामान मिळून ८५ किलो वजन धरू. चढ २०० मीटर उंचीचा. हे वजन तेवढे वर उचलायला सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल, म्हणजे जवळजवळ ४० किलोकॅलरी लागतात. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतात, बाकीची घामावाटे जाते. तेव्हा खर्च झाला १६० किलोकॅलरींचा. ज्वारीची एक चांगली मोठी भाकरी आणि वर गुळाचा खडा, एवढ्यात हा हिशेब मिटतो.

मग दम का लागतो? घाईमुळे. सराव असलेला माणूस १०० वॅट शक्तीने बराच वेळ पायडल मारू शकतो. त्या हिशेबाने २०० मीटरच्या चढाला अर्धा तास लागतो. कोणी ईर्ष्येने १५० वॅट लावले तर तो वीस मिनिटांत वर पोचेल. त्याने दहा मिनिटे वाचवली, पण छाती भरून आली, पाय जड झाले, आणि दिवसाचा उरलेला सगळा रस्ता त्याला जड जाणार. सहल पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी केलेली उधळपट्टी तिसऱ्या दिवशी वसूल होते.

दुसरी गोष्ट दात्यांची. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलला समजा पुढे ४८ आणि मागे १८ दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे पावणेसहा मीटर पुढे जाते. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा घाट ताशी आठ किलोमीटरने चढायचा, तर मिनिटाला जेमतेम तेवीस फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला सगळे अंग टाकून उभे राहावे लागते. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ आणि मागे ३२ दाते घेतले, तर एका फेऱ्यात पावणेदोन-दोन मीटरच अंतर कापले जाते. तोच चढ, तोच वेग, पण मिनिटाला सत्तरेक हलके फेरे. काम तेवढेच असते, ते तिप्पट तुकड्यांत वाटले जाते. शेंगांचे पोते एका दमात उचलायचे की पायलीपायलीने वाहायचे, एवढाच हा फरक.

फ्रान्समधील सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी हेच आयुष्यभर सांगितले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते सायकलविषयक नियतकालिक चालवीत आणि गिअरचा पुरस्कार करीत. शर्यतवाल्यांना मात्र गिअर म्हणजे दुबळ्यांची कुबडी वाटे. त्या मोठ्या फ्रेंच शर्यतीत दाते बदलण्याच्या यंत्राला १९३७ पर्यंत बंदी होती! भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि थकवा इतका येऊ देऊ नये की जेवण-झोप नकोशी व्हावी, हा व्हेलोसिओंचा उपदेश आजही प्रत्येक वाटाड्याच्या तोंडी असतो.

म्होरक्या आणि पिछाडीवाला

आमचे म्होरके एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणत असू. ते कधीही जोरात चालले नाहीत. त्यांचा नियम असा, की चढावर शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे, वाक्य तुटले की वेग जास्त झाला. चमूच्या पुढे ते स्वतः आणि सर्वांत मागे त्यांचा एक अनुभवी सहकारी. या शेवटच्या माणसाने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, मग कोणी पंक्चर काढीत बसो की रस्त्याकडेला बोरे वेचीत बसो. त्यामुळे पुढच्याला मागची काळजी नसे आणि मागच्याला चुकण्याची भीती नसे. सामान टेम्पोत. प्रत्येक घाटमाथ्यावर सर्वांनी जमायचे आणि मोजणी झाल्याशिवाय उतार सुरू करायचा नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गुरुजींचा आणखी एक नियम होता, की सर्वांत शेवटी माथ्यावर पोचणाऱ्यालाही पूर्ण विसावा मिळाला पाहिजे. एरवी होते असे, की पुढचे वीस मिनिटे बसतात आणि मागचा आला की लगेच उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. आमच्यात मोजणी शेवटचा माणूस आल्यावर होई आणि विसाव्याची दहा मिनिटे तेथून धरली जात. ही साधी युक्ती पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल, वर्गातसुद्धा.

उताराचे भय

नवखी माणसे चढाला भितात. जाणते उताराला जपतात. वर चढताना साठवलेले ते सारे १ लाख ६७ हजार ज्यूल उतरताना कोठेतरी खर्ची पडलेच पाहिजेत. काही वाऱ्यात जातात, बाकीचे ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन बसतात. वेग ताशी वीसवरून चाळीस झाला की सायकलीतली गतीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जरा जोराने दाबून वेग उतरवावा आणि मग सोडावे, म्हणजे रिमला निवायला सवड मिळते. वळणाच्या मध्यात, विशेषतः वाळू-खडी असेल तेथे, पुढचा ब्रेक दाबू नये. पावसात रबर भिजले की पकड उशिरा येते, तेव्हा दुप्पट आधीपासून सावध व्हावे.

आपल्याकडे याला आणखी एक कलम जोडावे लागते. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते आणि सायकलस्वार तिच्या नि कठड्याच्या मध्ये सापडू शकतो. गुरुजींचा हुकूम होता, की ट्रॅक्टर दिसला की वळणावर त्याच्या शेजारी यायचे नाही, सायकल खडीवर उतरवून उभे राहायचे. अंधार पडल्यावर तर सायकल चालवायचीच नाही.

हे आपल्याला नवे आहे काय?

घरी मी परवानगी मागितली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिंडीची उंचीही विचारली नाही आणि सायकलीची किंमतही. ते वर्षानुवर्षे वारीला जातात. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: पुढे कोण आहे? मागे कोण राहणार? मुक्काम कोठे कोठे? उत्तरे ऐकून ते म्हणाले, “मग ही दिंडीच की! जा.”

मला तेव्हा हसू आले, पण पुढे वाटेत त्याचा अर्थ कळला. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी बीडमार्गे पंढरीला जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते, म्हणजे तीही बालाघाट चढते. हजारो माणसे, त्यांत म्हातारे, लेकुरवाळ्या, अनवाणी चालणारे. कोणी पैलवान नसते. दिंडीला क्रम असतो, विणेकरी असतो, चोपदार असतो. सामानाची गाडी पुढच्या मुक्कामी आधी पोचलेली असते, विसावे ठरलेले असतात. अनेक मुक्कामांची, वाटाड्यासह, घाट ओलांडणारी यात्रा कशी चालवावी, याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. सायकल-सहलीत फक्त पायांखाली चाके आली.

आणि मुलींच्या बाबतीत अण्णांचे तीन प्रश्न हीच खरी कसोटी आहे. मुलींना घाट चढवेल का, ही शंका निरर्थक. कित्येक मुली आठवीपासून रोज सायकलने शाळा गाठत आल्या आहेत, आणि राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना त्यासाठीच सायकली मिळाल्या आहेत. अडते ते व्यवस्थेपाशी. व्यवस्था चोख असेल तर आईवडील नाही म्हणत नाहीत, निदान पुष्कळसे म्हणत नाहीत.

बालाघाटातील पाच दिवस

आमचा मार्ग असा होता. पहिल्या दिवशी पहाटे बीड सोडून पालीवरून मांजरसुंब्याचा घाट. सडक मोठी, वाहने भरधाव, म्हणून एकेरी रांग. माथ्यावर न्याहारी करून नेकनूरवरून केजला मुक्काम. जवळच श्रीक्षेत्र कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे, वेळ असेल त्याने वाट वाकडी करावी. दुसरा दिवस मुद्दाम हलका ठेवलेला, केज ते अंबाजोगाई. दुपारी योगेश्वरीचे दर्शन, हत्तीखाना लेणी, मुकुंदराजांची समाधी. ज्या गावी मराठीच्या आद्य कवींपैकी एक विसावला, तेथे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या पायांनी पोचावे.

तिसऱ्या दिवशी घाट उतरून परळीला वैजनाथाचे दर्शन आणि तेथून पायथ्यापायथ्याने सिरसाळामार्गे तेलगावपर्यंत. त्याच संध्याकाळी धारूर गाठावे असा काहींचा आग्रह होता, पण गुरुजींनी मानले नाही. मोठा चढ नेहमी सकाळच्या ताज्या पायांनी आणि थंड हवेत घ्यावा, हे त्यांचे सूत्र. चौथ्या दिवशी उजाडताच धारूरचा घाट. हा वळणांसाठी आणि अपघातांसाठी ओळखला जातो. डावीकडच्या वळणाची आतली कड सर्वांत खडी असते, तेथे दाते आधीच बदलून घ्यावे लागतात, वळणात शिरल्यावर साखळी अडते. माथ्यावर पोचून किल्ला पाहिला. बुरुजावरून खालचा सपाट मुलूख आणि आम्ही चढून आलो ती वाट, दोन्ही दिसत होती. पाचव्या दिवशी धारूरहून उतरून वडवणीमार्गे बीड. रोजचे अंतर पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत-बाहेर. वाटेत कोणाच्या शेतात हुरडा, कोठे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, खिशात गूळ-शेंगदाणे, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी.

खर्च आणि हंगाम

व्यावसायिक सहलींचा खर्च मोठा असतो हे खरे. पण तो कशावर होतो ते पाहिले पाहिजे. राहण्याची हॉटेले, भाड्याच्या परदेशी सायकली, छायाचित्रे यांना फाटा देता येतो. शाळा, देवस्थानांचे भक्तनिवास आणि ओळखीची घरे मुक्कामाला चालतात. आपल्या सायकलीला मागे मोठी दातेरी चकती बसवून घेतली तरी चढ पुष्कळ हलका होतो, आणि जेथे नाही जमत तेथे उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. तीन गोष्टींत मात्र काटकसर करू नये: जाणता म्होरक्या, खात्रीचा पिछाडीवाला आणि मागून येणारे एक वाहन, ज्यात औषधपेटी व सुटे भाग असतील. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि सायकलीला मागे लाल परावर्तक.

हंगामाचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. पुस्तकात हिवाळा उत्तम म्हणून सांगितला आहे. आमच्या वर्गातला एक मित्र रोज बारा किलोमीटरवरून बिनगिअरच्या सायकलीने येतो. वाटेत एक लहानसा घाट आहे, तो त्याला खिजगणतीतही नाही. आमच्या चमूत त्याच्याइतका चांगला चढणारा कोणी नव्हता, आणि तो चमूत नव्हता. दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मग आजी, धाकटी बहीण आणि दोन जनावरे त्याच्या अंगावर. परत येईपर्यंत त्याला घर सोडता येत नाही. आपल्या जिल्ह्यातून लाखांच्या संख्येने माणसे असे स्थलांतर करतात, तेव्हा असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असणार. ज्या सुटीला आपण सुटी म्हणतो ती त्याच्या घरी कामाचा सर्वांत कठीण काळ असतो.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या महाविद्यालयाची वार्षिक सहल बसने निघते, ती तशीच निघो. तिच्या जोडीला सप्टेंबरअखेरीस, टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी, एक तीन दिवसांची सायकल-सहल ठेवावी: बीड, केज, धारूर आणि परत. सोयाबीनची काढणी आडवी येईल, पावसाचा एखादा सडाका अंगावर घ्यावा लागेल, हे मान्य. पण उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर नसतील, डोंगर हिरवे असतील, नद्या वाहत्या असतील आणि तो मित्र येऊ शकेल. शुल्क इतके ठेवावे की कोणाला विचारताना संकोच वाटू नये. भूगोल विभागाने घाट आणि पाणलोट दाखवावा, मराठी विभागाने अंबाजोगाईची एक स्वतंत्र फेरी आखावी, क्रीडा विभागाने सायकली तपासाव्यात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुला-मुलींनी मुक्काम सांभाळावेत. गुरुजींना मी विचारले आहे. ते पुढे चालायला तयार आहेत. मागे राहायला कोण तयार आहे, त्याने भूगोल विभागात नाव द्यावे.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)